रुखवतातला केक

नाजमीनताईंच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्या ओट्यावर केक ठेवून नुसत्या त्याच्याकडे बघत बसल्या होत्या. हातात पेन, मांडीवर शंभर पानी वही. मी नमस्कार केला तर वर न बघताच म्हणाल्या, "बसा. चार मिनिटं राहिलीत."

चार मिनिटांनी त्यांनी केकच्या कडेला बोट लावून पाहिलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि मग विचारलं, "बोला, काय वाढदिवस आहे का?"

"नाही, लग्न आहे," मी म्हणालो.

पेनाचं टोपण लावता लावता त्या थांबल्या. "शिरपूरमध्ये लग्नाचा केक कोणी मागत नाही," त्या म्हणाल्या. "धुळ्याहून आणतात. माझ्याकडे फक्त वाढदिवस येतात."

लग्न माझ्या चुलत बहिणीचं, सुलक्षणाचं होतं. टेंभुर्डे गावात, मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. नवरा मुलगा ललित पुण्यात नोकरीला, आणि दोघांचं ठरलं होतं की लग्न लागल्यावर स्टेजवर केक कापायचा. झुलाल नाना म्हणजे सुलक्षणाचे वडील, माझे मोठे काका. त्यांना आधी ते नीट समजलंच नव्हतं.

"केक म्हंजे ते वाढदिवसले कापतस तेच ना?" त्यांनी विचारलं होतं. "मंग लगीनले कसाले?"

पण मुलगी एकच. तिने दोन दिवस तोंड पाडलं, तिसऱ्या दिवशी नानांनी मला मोटारसायकलची किल्ली दिली. शिरपूरला शिकत असताना आमच्या होस्टेलवर वाढदिवसाचे केक नाजमीनताईंचेच यायचे, म्हणून मी सरळ त्यांच्याकडे गेलो.

नाजमीनताईंचे वडील हाशमचाचा यांनी तीस वर्षं भट्टीवर काढली. टोस्ट, खारी, नानकटाई, पाव. त्यांच्या हाताचे केस कोपरापर्यंत जळालेले आहेत आणि अजून वाढत नाहीत. भट्टीवर मुलींना येऊ देत नसत. म्हणून नाजमीनताई आठवी-नववीत असताना घरीच पातेल्यात वाळू तापवून, त्यात डबा ठेवून केक करायच्या. वाळूचा केक एका बाजूने करपायचा आणि दुसऱ्या बाजूने कच्चा राहायचा. असं का होतं हे शोधायला त्यांनी वही घातली. आज हवा किती गरम, वाळू किती वेळ तापवली, डबा कुठे ठेवला. ती सवय राहिली. आता घरात मोठा ओव्हन आहे, फ्रीजर आहे, पण वहीचा हा अकरावा भाग. मी अभियांत्रिकी शिकलो, चार वर्षं प्रयोगशाळेच्या वह्या लिहिल्या. इतकी प्रामाणिक वही मी एकही लिहिली नाही.

लग्न झाल्यावर नवरा रमीज यांनी त्यांना विचारलं होतं, "किती दिवस वाढदिवसच करणार?" तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एकच होतं, लग्नाचा केक. एक उभा राहिला की दुसरा येईल. पहिलाच पडला तर तो दोन हजार माणसांसमोर पडेल आणि मग पुन्हा कोणी विचारणार नाही. हे त्यांनी मला त्या दिवशीच सांगितलं, अगदी सरळ, हिशेब मांडावा तसं.

"म्हणून मला आधी मंडप बघायचा आहे," त्या म्हणाल्या.

"मंडप अजून घातला नाही."

"मग जागा दाखवा. आणि जे ठरवणार आहेत त्यांना बसवा."

दोन दिवसांनी रमीजभाई त्यांना घेऊन टेंभुर्ड्याला आले. ओसरीवर नाना, सुंदरबाई अक्का आणि सुलक्षणा. सुंदरबाई अक्का म्हणजे नानांची मोठी बहीण. आमच्या घरात लग्नाचं शेवटचं बोलणं नानांचं असतं आणि त्या शेवटच्या बोलण्यानंतरचं बोलणं अक्काचं.

सुलक्षणाने मोबाईलवर फोटो दाखवला. पाच मजली, पांढराशुभ्र, क्रीमचा, कडेने क्रीमच्याच झालरी.

अक्काने फोटो लांब धरून पाहिला. "पांढरा? लगीनमा पांढरा?"

"अक्का, असाच असतो तो," सुलक्षणा म्हणाली.

"तठे राहत व्हई. आठे नही. मयतवर टाकानं काय शे का?"

"लग्न माझं आहे ना?"

"लगीन तुनं शे, गाव आम्हनं शे."

नाजमीनताई हसल्या नाहीत. त्यांनी पर्समधून मेंदीचा कोन काढला, वर्तमानपत्राच्या कागदावर पटकन तीन ओळी काढल्या. कैऱ्या, मोगऱ्याच्या कळ्या, मध्ये ठिपके. "रंग सायीचा ठेवू," त्या सुलक्षणाला म्हणाल्या, "तुमचा फोटोतला डौल राहील. नक्षी कुंकवाच्या लाल रंगाची करू. अक्का, मग चालेल?"

अक्काने कागद घेतला. "कैऱ्या बारीक काढ," एवढंच म्हणाली. म्हणजे चाललं.

"अंडं ते नही ना टाकेल?" तिने पुढे विचारलं.

"नाही अक्का. बिनअंड्याची भांडी माझ्याकडे वेगळीच आहेत. पाहिजे तर येऊन बघा."

इथपर्यंत सगळं सोपं गेलं. मग नाजमीनताईंनी विचारलं, "केक मंडपात कधी आणू? कापायच्या आधी अर्धा तास आला तर उत्तम."

"अर्धा तास?" अक्का म्हणाली. "सकायमा आन. रुखवतमा ठेवाना शे."

आमच्याकडे रुखवत सकाळीच मांडतात. भांडी, कपाट, विणकाम, कुरड्या-पापडांची परडी, सगळं टेबलांवर ओळीने. नवऱ्याकडच्या बायका मुहूर्ताआधी तिथून फिरतात आणि एकेक वस्तू मोठ्याने बोलत जातात. जे रुखवतात दिसलं नाही ते मुलीला दिलंच नाही, असं धरतात. जेवणानंतर कितीही मोठी वस्तू आणली तरी तिची कोणी गणती करत नाही.

नाजमीनताईंनी वही उघडली. "मेमध्ये मंडपात दुपारी त्रेचाळीस अंश असतं. क्रीमचा केक अर्धा तास टिकतो. सकाळी नऊला ठेवला तर दहाला टेबलावर झोपेल."

"मुहूर्त बारा-दहाचा आहे," नाना म्हणाले. त्यांनी पाहुण्यांसाठीची शुद्ध मराठी काढली होती.

"नाना, मुहूर्त बारा-दहाचा, पण लग्न लागेल किती वाजता?"

नाना मिशीत हसले. नवरदेव मारुतीच्या देवळापासून मंडपापर्यंत तीनशे पावलं नाचत येतो. त्याला अडीच तास लागतात हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे.

"म्हणजे केक चारला कापला जाईल," नाजमीनताई म्हणाल्या. "सात तास. एक मार्ग आहे. रुखवतात थर्माकोलचा ठेवते, वरून साखरेचा लेप, कोणाला कळणार नाही. खरा केक मागून गाडीतून आणते. मोठ्या शहरांत असंच करतात."

नाना एकदम गंभीर झाले आणि शुद्ध मराठीही गेली. "नही बेटा. मना मंडपमा बठ्ठं खरंच राही. पोरनी सासू हात लावी देखी आनि थर्माकोल निंघना, तर जनमभर पोरले ऐकाडतीन."

रमीजभाई म्हणाले, "नाजो, राहू दे. धुळ्याच्या लोकांनाही हे जमणार नाही."

मला वाटलं, संपलं. पण नाजमीनताईंनी पेनाचं टोपण काढलं. "सात तास, त्रेचाळीस अंश, खरा केक," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. "मला दहा दिवस द्या. अकराव्या दिवशी भर दुपारी तुमच्या अंगणात दाखवते. टिकला तर ऑर्डर द्या."

त्या दहा दिवसांत मी तीनदा त्यांच्याकडे गेलो. पहिल्यांदा बटरक्रीम लावलेला केक गच्चीच्या पत्र्याखाली ठेवला होता. तो पाऊण तासात घसरला. दुसऱ्यांदा फॉन्डंट लावलं होतं, म्हणजे साखरेची कणीक. ती केकवर पोळीसारखी लाटून ओढून बसवतात. कणीक टिकली, पण आतला मऊ स्पंज दबला आणि सगळा केक हत्तीच्या पायासारखा फुगला.

हाशमचाचा खाटेवर बसून सगळं बघत होते. शेवटी म्हणाले, "बेटी, ये स्पंज का नखरा छोड. मावा केक बना. हम लोग मई के महीने में हाथगाडी पे बेचते थे. फ्रिज किसने देखा था?"

नाजमीनताई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "अब्बा, पहले क्यूँ नहीं बोले?"

"तूने पूछा कब? तू तो मोबाईल को पूछती है."

मावा केक घट्ट असतो. त्यात क्रीम नाही, तूप आणि मावा. चार दिवस बाहेर राहिला तरी काही होत नाही. वरचं वजनही पेलतो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा मी मजल्यांच्या आधारासाठी किती नळ्या लागतील याचं गणित कागदावर करून नेलं होतं. नाजमीनताईंनी ते लक्षपूर्वक वाचलं आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. मी कालच सहा घातल्या. वर पोळपाट आणि दोन वरवंटे ठेवून बघितलं."

अकराव्या दिवशी दुपारी बाराला टेंभुर्ड्याच्या अंगणात हिरव्या जाळीखाली दोन स्टुलं मांडली. एकावर क्रीमचा लहान केक, दुसऱ्यावर मावा केक, फॉन्डंट लावलेला. तापमापकात बेचाळीस. नानांनी खुर्ची आणून समोर मांडली, मनगटावरचं घड्याळ काढून मांडीवर ठेवलं. गल्लीतली पाच-सहा म्हातारी माणसंही येऊन बसली. क्रीमच्या केकची झालर दहा मिनिटांत खाली आली. पंचविसाव्या मिनिटाला वरचा गुलाब हळूहळू चालत कडेपर्यंत आला आणि पडला.

"निंघना बिचारा," एक आजोबा म्हणाले.

अक्काने तो बोटाने उचलून खाल्ला. "गोड शे. पन कामना नही."

दुसरा केक तीन वाजेपर्यंत तसाच उभा होता. नाना त्या दिवशी जेवणानंतर झोपले नाहीत. तीनला त्यांनी घड्याळ पुन्हा मनगटावर बांधलं. "चार मजली," ते म्हणाले. "आनि एक गोष्ट. रुखवतना केक दिखाले, पन बठ्ठा लोकेसले तुकडा भेटाले पाहिजे. पंगतमा वरण-बट्टीसंगे."

"त्यासाठी ट्रे वेगळे करीन, चौकोनी वड्या पाडून," नाजमीनताई म्हणाल्या. घरी जाताना त्या रमीजभाईंच्या मागे गाडीवर बसल्या आणि वळणापर्यंत मागे बघून हात हलवत होत्या.

लग्नाच्या दिवशी सकाळी साडेसातला रमीजभाईंनी छोटा हत्ती टेम्पो काढला. मागे गादी, गादीवर केक, केकशेजारी नाजमीनताई. शिरपूर ते टेंभुर्डे चौदा किलोमीटर, त्यांना एक तास दहा मिनिटं लागली. गतिरोधक आला की ताई आतून पत्रा वाजवायच्या आणि रमीजभाई गाडी जवळपास ढकलल्यासारखी पुढे न्यायचे. मागच्या ट्रकवाल्याने तोंडसुख घेतलं. त्यालाही त्यांनी हात दाखवून पुढे जाऊ दिलं.

नऊला केक रुखवतात उभा राहिला. कपाट आणि पितळी भांड्यांच्या मध्ये, सायीच्या रंगाचा, लाल बारीक कैऱ्यांचा. सुलक्षणा हळदीच्या हातांनी येऊन बघून गेली. जाताना क्षणभर ताईंचा हात धरून उभी राहिली.

अकराला नवऱ्याकडच्या बायका आल्या. पुढे ललितची मावशी, भिकुबाई, दोंडाईच्याच्या. आवाज असा की त्यांना माईक लागत नाही. कपाट बोलून झालं, कुरड्या बोलून झाल्या, मग त्या केकपाशी थांबल्या.

"हाऊ खरा शे का दिखाडाना?"

"खरा आहे मावशी," नाजमीनताई म्हणाल्या.

भिकुबाईंनी नखाने टिचकी मारली. टक्क असा आवाज आला. त्यांनी भुवया उंचावल्या, पण पुढे गेल्या. ताई माझ्याकडे बघून हसल्या. "बघा, सात तास काय, चौदा तास उभा राहील."

त्या टिचकीचा अर्थ आम्हा दोघांच्याही तेव्हा लक्षात आला नाही.

लग्न दोन पस्तीसला लागलं. केक चार माणसांनी उचलून स्टेजवर नेला तेव्हा चार वाजून गेले होते. बाहेरून गरम वारा येत होता, मंडपाचं कापड फडफडत होतं. छायाचित्रकाराने सगळ्यांना दोन्ही बाजूंना उभं केलं. सुलक्षणा आणि ललितने रिबीन बांधलेली प्लास्टिकची सुरी धरली, वरच्या मजल्यावर टेकवली आणि दाबली.

काही झालं नाही. ललितने जोर लावला. सुरी मधोमध मोडली.

मग भिकुबाईंचा आवाज मंडपाच्या शेवटच्या टोकापर्यंत गेला. "अय माय! केक शे का पाटा?"

हशा पिकला. मागून कोणीतरी ओरडलं, "कुऱ्हाड आना रे!" नवऱ्याकडची पोरं टाळ्या पिटायला लागली. नाना स्टेजच्या पायरीवर उभे होते. त्यांचा चेहरा उतरला होता आणि ते नाजमीनताईंकडे बघत होते.

मीही बघत होतो. ताई पहिल्यांदा खाली बघत होत्या. ओठ हलत होते. मला वाटलं प्रार्थना करताहेत. नंतर कळलं, त्या हिशेब करत होत्या. अंगणातली चाचणी तीन तासांची होती, आज सात झाले होते. तिथे वारा नव्हता, इथे सकाळपासून कोरडा वारा. वितळेल या भीतीने त्यांनी सगळा विचार केला, पण साखरेची कणीक उघडी ठेवली तर वाळते, आणि खानदेशातल्या मेमध्ये ती पापडासारखी कडक वाळते, हे वहीत कुठेच नव्हतं.

त्या स्टेजवर चढल्या. निवेदकाच्या हातातून माईक घेतला.

"दोन मिनिटं थांबा," त्या म्हणाल्या. "केक वाळलाय, बिघडला नाही." मग माईक तसाच धरून माझ्याकडे वळल्या. "भूषणभाऊ, आचाऱ्याकडून उकळतं पाणी आणा. आणि नवा टॉवेल. कोरा."

पाणी मी पळत आणलं. टॉवेल आहेरातला होता, अक्काने पिशवीतून काढून दिला. ताईंनी तो पाण्यात बुडवला, दोन टोकांना धरून पिळला, त्यांची बोटं लाल झाली. मग तो वाफाळता टॉवेल वरच्या मजल्यावर अलगद अंथरला आणि दोन्ही तळव्यांनी हलकेच दाबून धरला.

"केकनं तोंड धुई राह्यनी का वं?" भिकुबाई.

"हो मावशी," ताई न वळता म्हणाल्या. "प्रवासाहून आलाय ना."

पुन्हा हशा झाला, पण या वेळी तो वेगळा होता. लोक खुर्च्यांवरून उठून पुढे आले. छायाचित्रकाराने दिवा जवळ आणला. ताईंनी टॉवेल उचलला तेव्हा वरचा थर ओलसर चमकत होता. एका कैरीचा लाल रंग थोडा पसरला होता, बाकी सगळं जागच्या जागी. त्यांनी सुलक्षणाच्या हातात आचाऱ्याची स्टीलची सुरी दिली.

"आता कापा. जोर लावायचा नाही."

सुरी आत गेली. सहज, थांबलीच नाही.

तुकडा बाहेर आला आणि वेलदोड्याचा, तुपाचा वास स्टेजवर पसरला. बाहेरचं कवच वाळल्यामुळे आत वारा शिरलाच नव्हता. सात तासांनंतरही आतला केक सकाळचा वाटावा इतका ओला होता. ललितने पहिला घास सुलक्षणाला दिला, दुसरा तिने नानांना दिला. नानांनी डोळे मिटून खाल्ला. मग पंगतीत जाऊन वाढप्यांना सांगायला लागले, "केक धरा, केक. बठ्ठासले. कोनी ऱ्हावाले नको."

संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर रमीजभाई रिकामे ट्रे गाडीत भरत होते. ताई टपात हात बुडवून बसल्या होत्या. पोळलेले तळवे आता दुखत होते. वही माझ्या मांडीवर होती आणि त्या सांगून माझ्याकडून लिहून घेत होत्या. पाच ते सात तास, कोरडा वारा, लेप कडक. उपाय, कणकेत ग्लिसरीन वाढवणे, कापेपर्यंत वर मलमल झाकणे.

तेवढ्यात भिकुबाई आल्या. ताठ उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता शेवटचं ऐकवतील.

"मना धाकला पोऱ्यानं लगीन शे. डिसेंबरमा, दोंडाईचाले. हाऊच केक पाहिजे."

नाजमीनताई उठून उभ्या राहिल्या. "नक्की करीन मावशी. डिसेंबरात थंडी असते, तेव्हा क्रीमचाही जमेल. पण आधी मंडपाची जागा बघायला येईन, आणि तुम्ही घरी येऊन चव बघायची. मगच ठरवू."

"क्रीमना नको. हाऊच. आनि ते तोंड धुवानं बी पाहिजे."

"म्हणजे?"

"टॉवेल, गरम पानी. बठ्ठा लोके उठीसन देखी राह्यंतात." भिकुबाईंनी आवाज खाली आणला, म्हणजे तो आता फक्त अर्ध्या मंडपाला ऐकू गेला. "टॉवेल आम्हनाकडथाईन राही. चांगला, जरीना काठना."

रमीजभाईंनी तोंड दुसरीकडे फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. नाजमीनताईंनी मात्र माझ्याकडून वही घेतली, अत्यंत गंभीरपणे पेनाचं टोपण काढलं आणि नवं पान उघडलं.

"जरीचा नको मावशी, तारा टोचतील केकला," त्या म्हणाल्या. "साधा सुती द्या. तारीख सांगा."